कार्डामागचा खिसा

न्यू जर्सीत १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झाला. इन्सुलिनसाठी पेशंटच्या खिशातून महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. दम्याच्या इन्हेलरसाठी ५० पेक्षा जास्त नाहीत. ॲलर्जीचा जीवघेणा झटका आल्यावर मांडीत टोचायच्या पेनसाठी २५ पेक्षा जास्त नाहीत. गव्हर्नरांची सही २०२३ मध्येच झाली होती, त्यामुळे लोक तारखेची वाटच पाहत होते. जानेवारी उजाडला आणि माझ्या काउंटरवर दोन प्रकारचे चेहरे दिसू लागले. एक सुखावलेला, दुसरा चिडलेला.

"अहो ताई, राज्याने कायदा केलाय ना? मग मला जास्त का लावताय?"

"केलाय काका. पण तुमचं कार्ड त्यात बसत नाही."

काका एका बड्या कंपनीतले जुने इंजिनिअर. त्यांच्यामागे रांगेत उभा असलेला मुलगा वीस माणसांच्या छोट्या फर्ममध्ये काम करतो. राज्य एक, औषध एक, दोघांच्या कार्डावर विमा कंपनीचं नाव आणि निळा शिक्काही एकच. तरी कायदा मुलाला लागू, काकांना नाही. साधारणपणे बड्या कंपनीत नोकरी म्हणजे भक्कम विमा, असं आपली माणसं धरून चालतात. या एका बाबतीत गणित उलटं पडतं. ते का, हे सांगायचं तर गोष्ट बरीच मागून सुरू करावी लागते, आणि तिच्यात इन्सुलिनइतकीच मोटारींची भूमिका आहे.

मी सांगलीची. बी.फार्म करून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इकडे आले, परवान्याच्या परीक्षा दिल्या आणि तेव्हापासून मध्य न्यू जर्सीतल्या एका स्वतंत्र औषधदुकानात आहे. आल्याआल्या सगळ्यांत चमत्कारिक काय वाटलं असेल, तर भाव. सांगलीत मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी घेतली की पाठीमागे कमाल किंमत छापलेली. भांडायचं तर त्या आकड्यावर बोट ठेवून भांडता येतं. इथे बाटलीवर भाव नसतो. कार्डाचे नंबर कॉम्प्युटरमध्ये भरायचे, क्लेम पाठवायचा, दोन-तीन सेकंदांत कुठूनतरी उत्तर येतं: मंजूर, पेशंटकडून इतके घ्या. एकाच गोळीचे दिवसभरात पाच भाव निघतात, आणि ते ठरवणारा माणूस ना पेशंटला दिसतो ना मला.

आता विम्यावर राज्यांची सत्ता आली कुठून, ते पाहू. व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्ग गावात सॅम्युअल पॉल नावाचा एजंट न्यूयॉर्कच्या कंपन्यांचा आगविमा विकत असे. राज्याचा नियम असा की बाहेरच्या कंपनीने आधी सरकारकडे रोखे ठेवावेत, मग परवाना मिळेल. रोखे न ठेवता, परवान्याशिवाय पॉलने पॉलिसी विकली आणि त्याला ५० डॉलर दंड झाला. प्रकरण पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. राज्याराज्यांमधला व्यापार केंद्राच्या अखत्यारीत येतो, तेव्हा राज्याला असा नियम करता येणार नाही, हे पॉलचं म्हणणं. १८६९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की विम्याची पॉलिसी हा व्यापारच नव्हे. त्या ५० डॉलरच्या दंडाने पुढची पाऊणशे वर्षं विमा राज्यांच्या हाती राहिला.

१९४४ मध्ये न्यायालयाने मत बदललं: विमा हाही व्यापारच. राज्यांचे विमा आयुक्त हादरले आणि कंपन्याही हादरल्या, कारण केंद्राचे मक्तेदारीविरोधी कायदे आता त्यांच्या दारात येणार होते. वर्षभरात काँग्रेसने मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून विमा पुन्हा राज्यांच्या ओटीत टाकला. ९ मार्च १९४५ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली, त्यानंतर महिनाभराने ते वारले. ती व्यवस्था आजही चालू आहे. पन्नास राज्यं, पन्नास विमाखाती. आमचं खातं राजधानीत, ट्रेन्टनला, बँका आणि विमा यांचं मिळून एक.

तोवर औषधांचा या सगळ्याशी फारसा संबंध नव्हता. इथला आरोग्यविमा जन्मला तो हॉस्पिटलच्या खाटेसाठी. १९२९ मध्ये डॅलसच्या बेलर हॉस्पिटलने शाळामास्तरांना महिना ५० सेंटांत वर्षाचे २१ दिवस खाट देऊ केली, तिथून ही परंपरा सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढ गोठवली, पण विम्यासारख्या सवलतींना मोकळीक दिली. कामगार टिकवायला मालकांनी पगाराऐवजी विमा देऊ केला आणि आरोग्यविमा नोकरीला चिकटला तो कायमचा. औषध मात्र ज्याचं त्याने विकत घ्यायचं.

'डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही' अशी औषधांची पक्की कायदेशीर वर्गवारीसुद्धा इथे १९५१ ची आहे. तो कायदा आणणारे दोघेही फार्मासिस्ट होते, हे आमच्या धंद्यात मोठ्या अभिमानाने सांगतात. एक नॉर्थ कॅरोलिनाचे कार्ल डरहॅम. दुसरे ह्युबर्ट हम्फ्री, साउथ डाकोटातल्या ह्युरॉन गावी वडिलांच्या औषधदुकानात उभे राहिलेले आणि पुढे देशाचे उपाध्यक्ष झालेले. औषध कोणाला द्यायचं हे या दोघांनी ठरवलं. पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता. १९६५ मध्ये म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आली, तिच्यातही घरी घ्यायच्या गोळ्यांना जागा नव्हती. ती मिळायला २००६ साल उजाडलं.

हा प्रश्न धसाला लावला तो मोटार कामगारांनी. त्यांच्या युनियनने, यूएडब्ल्यूने, १९६७ च्या करारात औषधांचा विमा मागून घेतला. १९६९ पासून कामगाराने प्रत्येक प्रिस्क्रिप्शनमागे दोन डॉलर द्यायचे, बाकीचे विम्याने. आज 'को-पे' म्हणतात त्याचं हे आद्य रूप. लाखो कामगार, त्यांची बायकामुलं आणि दर महिन्याच्या चिठ्ठ्या. एवढ्या बारक्या बिलांचा हिशेब ठेवणं विमा कंपन्यांना झेपेना. मग तेवढ्याच कामासाठी वेगळ्या कंपन्या निघाल्या, प्लास्टिकचं कार्ड आलं, आणि पेशंट व दुकान यांच्यामध्ये तिसरा माणूस येऊन बसला. मी धंद्यात आले तेव्हाही बरेच लोक रोख पैसे देत, पावत्या बुटाच्या खोक्यात साठवत आणि वर्षअखेरीस फॉर्म भरून विम्याकडे पाठवत. कार्डवाल्यांचे कागदी क्लेम आम्ही कार्बन लावून लिहायचो. कॉम्प्युटर आल्यावर तेही संपलं.

मोटारींचीच दुसरी गोष्ट इंडियानातल्या साउथ बेंडची. स्टुडबेकर ही घोडागाड्या बनवण्यापासून सुरू झालेली जुनी कंपनी. डिसेंबर १९६३ मध्ये तिने तिथला कारखाना बंद केला. पेन्शनच्या फंडात पुरेसे पैसेच नव्हते. साठी गाठलेल्यांना पूर्ण पेन्शन मिळालं. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या चार हजारांवर माणसांना हक्काच्या डॉलरमागे पंधरा सेंट मिळाले. त्याहून तरुण होते त्यांच्या हाती काहीच लागलं नाही. देशभर संताप झाला. न्यूयॉर्कचे सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांच्यासारखी माणसं पेन्शनच्या संरक्षणासाठी वर्षानुवर्षं झगडत राहिली, आणि २ सप्टेंबर १९७४ रोजी, कामगारदिनी, अध्यक्ष फोर्ड यांनी एरिसा कायद्यावर सही केली. पेन्शनसाठी हा कायदा मोठाच आधार ठरला, यात शंका नाही.

पण कायदा पेन्शनसाठी असला तरी त्याच्या व्याख्येत मालक देतो त्या सगळ्या सवलती बसत होत्या, आरोग्यविमासुद्धा. वाटाघाटींच्या शेवटच्या टप्प्यात त्यातलं एक कलम बरंच रुंद झालं. ते तीन पायऱ्यांत वाचावं लागतं. पहिली पायरी: नोकरदारांच्या सवलतींशी संबंध असलेला राज्यांचा कोणताही कायदा यापुढे चालणार नाही. दुसरी: विम्याचं नियमन करणारे राज्यांचे कायदे मात्र चालतील. तिसरी: पण मालकाने स्वतःच्या तिजोरीतून उपचारांचे पैसे भरले, तर त्याला विमा कंपनी समजायचं नाही. नियम, नियमाला अपवाद आणि अपवादालाही अपवाद.

काकांचं कार्ड अडकतं ते या तिसऱ्या पायरीवर. छोटी फर्म विमा कंपनीला हप्ता भरते, पुढची जोखीम कंपनीची. तो खराखुरा विमा, म्हणून ट्रेन्टनचा कायदा त्याला लागू. काकांच्या कंपनीकडे हजारो नोकर आहेत, ती हप्ता भरत नाही. कोण किती आजारी पडलं त्याचे पैसे ती स्वतः मोजते. इथे याला सेल्फ-फंडेड म्हणतात. कार्डावर नाव असलेली विमा कंपनी तिथे सावकार नसून मुनीम आहे. ती वह्या लिहिते, पैसे दुसऱ्याचे. आणि मुनिमाला राज्य काय सांगणार? नोकरीतून विमा मिळणाऱ्या दर दहा अमेरिकनांपैकी सहांहून अधिक जण आज अशा कार्डावर आहेत. पैकी बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो.

या कलमामागे काहीच विचार नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. तीस राज्यांत कारखाने असलेल्या कंपनीने तीस प्रकारचे नियम पाळावेत का, हा प्रश्न खरा होता, आणि युनियनांनाही आपला करार सगळीकडे सारखा हवा होता. बिनसलं ते पुढे. केंद्राने राज्यांच्या हातातून अधिकार काढून घेतला, पण सेल्फ-फंडेड विम्याने कोणतं औषध द्यायचं, कितीला द्यायचं, याबद्दल स्वतः जवळजवळ काही सांगितलंच नाही. पेन्शनवर पानंच्या पानं, औषधावर कोरी जागा. हवाईने १९७४ मध्येच मालकांवर आरोग्यविम्याची सक्ती केली होती. तो कायदा न्यायालयात अडकला आणि १९८३ मध्ये काँग्रेसने खास सवलत दिली तेव्हा सुटला. तशी सवलत दुसऱ्या राज्याला मिळालेली नाही.

न्यायालयानेही ही फट नजरेआड केली नाही. मॅसॅच्युसेट्सने विम्यात मानसिक आजारांवरचे उपचार सक्तीचे केले, त्यावर १९८५ मध्ये निकाल आला. राज्याला विमा कंपन्यांवर अशी सक्ती करता येते, पण स्वतःच्या पैशाने खर्च भागवणाऱ्या मालकांवर नाही. हा भेद काँग्रेसनेच केलाय, आम्ही तो फक्त दाखवतो, असा न्यायालयाचा सूर होता. मालकांच्या वकिलांना यातून रस्ता दिसला. राज्याचे नियम नको असतील तर हप्ता भरणं सोडा.

राज्यंही गप्प बसली नाहीत. नव्वदच्या दशकात एकामागून एक राज्यांनी मधुमेहाचं साहित्य विम्यात आणलं: इन्सुलिन, सुया, रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्या. असे कायदे करणाऱ्या राज्यांची संख्या पुढे चाळिशीपलीकडे गेली. कर्करोगाच्या औषधांसाठी कायदे झाले. मग १९९८ साल आलं, आणि ते मला फार नीट आठवतं. मार्चच्या २७ तारखेला व्हायग्राला मंजुरी मिळाली. काही आठवड्यांतच चिठ्ठ्यांची रीघ लागली, आणि बघता बघता कितीतरी कार्डांवर ते औषध मंजूर होऊ लागलं. गर्भनिरोधक गोळी १९६० पासून बाजारात होती. तिचे पैसे त्याच कार्डांवर नामंजूर व्हायचे आणि बायका पर्समधून नोटा काढून मोजायच्या. काउंटरवर हे दोन्ही क्लेम एकाच दुपारी पाठवणाऱ्या बाईला वेगळं भाष्य करायची गरज नसते. त्याच वर्षी मेरीलँडने गर्भनिरोधकं विम्यात सक्तीची केली, सर्वांत आधी. पाठोपाठ इतर राज्यं आली. तरी भिंत तीच, सेल्फ-फंडेड विम्याला हात नाही.

त्या भिंतीला वळसा घातला तो सिअॅटलच्या एका फार्मासिस्ट बाईने. बार्टेल ड्रग या दुकानसाखळीत ती नोकरीला होती. दिवसभर इतर बायकांना गोळी द्यायची, पण तिच्या स्वतःच्या नोकरीच्या विम्यात ती गोळी नव्हती. तो विमा सेल्फ-फंडेड होता, तेव्हा राज्याकडे जाऊन उपयोग नव्हता. ती विम्याच्या कायद्याकडे गेलीच नाही. तिने १९६४ चा नागरी हक्क कायदा पुढे केला: औषधांचा विमा देताना बायकांनाच लागणारं औषध वगळणं म्हणजे नोकरीतला लिंगभेद. जून २००१ मध्ये तिथल्या केंद्रीय न्यायालयाने तिचं म्हणणं मान्य केलं. मालकाला विमा कंपनी म्हणता येत नसेल, पण मालक तर म्हणता येतं. या सबंध इतिहासात मला हा युक्तिवाद सर्वांत चलाख वाटतो, आणि तो काउंटरमागून आला याचा आनंदही होतो.

इन्सुलिनच्या बाबतीत असा आडरस्ता कोणाला सापडला नाही. टोरोंटोच्या संशोधकांनी त्याचं पेटंट १९२३ मध्ये विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं होतं. १९९६ मध्ये ह्युमलॉग हे नवं इन्सुलिन आलं तेव्हा कुपी २१ डॉलरच्या आसपास होती. पुढच्या वीसेक वर्षांत तिची जाहीर किंमत २७५ च्या घरात गेली. कुपीत औषध तेच. लोक डोस अर्धा करू लागले. आमच्याकडे येणारी एक मावशी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कमी टोचून घ्यायची, आणि हे मला सांगताना आवाज खाली आणायची, जणू चोरी तिनेच केली होती. २०१९ मध्ये कोलोरॅडोने प्रथम मर्यादा घातली, महिन्याला १०० डॉलर. वीसहून अधिक राज्यं त्या वाटेने गेली आणि प्रत्येकाने आकडा आपापला धरला. प्रत्येक कायद्याच्या पोटात मात्र तीच मर्यादा, राज्याच्या नियमनाखाली येणाऱ्या विम्यापुरती. २०२२ मध्ये केंद्राने मेडिकेअरवाल्यांसाठी ३५ डॉलर ठरवले. खासगी विम्यालाही तीच मर्यादा लावायचा प्रस्ताव सिनेटमध्ये आला, ५७ मतं पडली, ६० हवी होती. तीन मतांनी काकांचं कार्ड बाहेर राहिलं. पुढे उत्पादकांनी स्वतःच किमती खाली आणल्या, म्हणून इन्सुलिनची धार कमी झाली. 

कार्डाच्या मागे बसलेल्या त्या तिसऱ्या माणसाबद्दलही बोललं पाहिजे. पीबीएम म्हणतात त्याला. कोणतं औषध यादीत घ्यायचं, पेशंटने किती द्यायचे, दुकानाला किती परत करायचे, हे सगळं तो ठरवतो. पूर्वी एका करारात कलम होतं की 'कार्ड बाजूला ठेवून रोखीत घेतलंत तर स्वस्त पडेल' हे आम्ही पेशंटला आपणहून सांगायचं नाही. माझ्यासारख्या बोलक्या बाईला ती शिक्षाच होती. काही राज्यांनी असली कलमं बेकायदा ठरवली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रानेही कायदा केला. दुसरं दुखणं परताव्याचं. घाऊक व्यापाऱ्याकडून दहा डॉलरला घेतलेल्या औषधाचे सात हाती यायचे.

आर्कान्साने २०१५ मध्ये याविरुद्ध कायदा केला: दुकानाला खरेदीपेक्षा कमी मिळत असेल तर दाद मागता येईल, आणि तोटाच होणार असेल तर ते औषध विकायला नकारही देता येईल. पीबीएमच्या संघटनेने एरिसाचीच ढाल पुढे केली. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी राज्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती सोटोमेयर यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा: राज्याने खर्च वाढवला म्हणून मालकाच्या विम्याचा आराखडा राज्याने ठरवला, असं होत नाही. आमच्यासारख्या दुकानदारांनी त्या दिवशी पेढे वाटले असते. पण ही फट अरुंद निघाली. ओक्लाहोमाने पुढचं पाऊल टाकून कोणत्या दुकानांत कार्ड चालावं यावर नियम केले. अपील न्यायालयाने २०२३ मध्ये ते सेल्फ-फंडेड विम्याला लागू होऊ दिले नाहीत, आणि जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात पडायला नकार दिला. तात्पर्य, मधल्या माणसाने दुकानाला किती द्यावं हे राज्याला सांगता येतं. काकांना औषध कितीला मिळावं, हे सांगता येत नाही.

टेक्ससने यात निदान एक प्रामाणिक सोय केली आहे. राज्याच्या नियमनाखाली येणाऱ्या विम्याच्या कार्डावर तिथे 'टीडीआय' किंवा 'डीओआय' ही अक्षरं छापावी लागतात. अक्षरं दिसली तर राज्याचा कायदा तुमच्यासाठी आहे. आमच्याकडे नुसतं कार्ड पाहून बहुतेकांच्या ते लक्षात येत नाही. म्हणून न्यू जर्सीतल्या आपल्या माणसांना मी एकच सुचवते. दर वर्षी विमा निवडायच्या दिवसांत एचआरला डिडक्टिबल किती, को-पे किती, हे विचारताच, तेव्हाच हेही विचारा की आपला प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का. 'नाही' असं उत्तर आलं तर साधारणपणे ट्रेन्टनमध्ये झालेले कायदे तुमचे, आणि क्लेम अडला तर तक्रारही ट्रेन्टनला. 'हो' आलं तर ट्रेन्टनच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र वाया जाईल. मग इन्हेलर नाकारला गेल्याची तक्रार वॉशिंग्टनच्या कामगार खात्याकडे करायची. पेन्शनच्या तक्रारी तिथेच जातात.